पाच माशांचा हुकूम

कांबरवाडीच्या सरदारांना गळाने मासे धरण्याचा भारी नाद. डोहातले मासे कमी होऊ लागले तेव्हा त्यांनी हुकूम काढला: एका दिवसात पाचांहून जास्त मासे धरील, त्याची नाव जप्त. भोयांनी तो निमूटपणे पाळला.

आषाढात मासे अंड्यावर येतात, म्हणून भोई स्वतःहून जाळी गुंडाळून ठेवतात. नेमके तेव्हाच सरदार गळ घेऊन आले. नाव वल्हवायला द्वारका भोईण होती. तिचं घर त्या वल्ह्यावरच चालायचं. दुपारी हातभर लांबीचा खडस मासा गळाला लागला. सरदारांनी तो उचलताच फुगलेल्या पोटातून थोडी पिवळी गाभोळी, अंड्यांचा पुंजका, फळीवर सांडली.

"सरकार, हिला सोडा. नाहीतर नाव जप्त होईल," द्वारका म्हणाली.

"शुद्धीवर आहेस ना? मी एकच मासा धरलाय!"

"आणि हिच्या पोटातले हजारो? हुकूम तर पाचांचाच आहे."

सोबतचे कारभारी खाली बघून हसले. सरदारांचे कान तापले. "हजारो म्हणे! मोजून दाखव. नाहीतर वल्हं ठेव आणि घरी बस."

"मोजते की. पण अंडी मोजताना फुटतात, सरकार. हिला पाण्यात जाऊ द्या. पिल्लं मोठी झाली की गळ घेऊन या. तुम्ही एकेक वर काढा, मी मोजते. दिवसाला पाच."

सरदार खो खो हसले. त्यांनी गळ सोडवून मासा अलगद पाण्यात सोडला.

"कारभारी, लिहून घ्या. आषाढ-श्रावणात या डोहात गळ बंद. आणि मोजणी संपेपर्यंत वल्हं द्वारकेकडेच राहील."