रिकामं रीळ

फोटो काढताना लोक श्वास रोखून उभे राहत, त्या काळची गोष्ट. ऐन लग्नात दिगूभाऊंच्या जाडजूड कॅमेऱ्यातली फिल्म संपली. नवी भरायला त्यांनी झाकण उघडलं, तर फिल्म दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाऊन रिकामं झालेलं रीळ खोबणीत घट्ट रुतून बसलेलं.

"हल की बाबा!" फिल्म पुढे सरकवणारी चावी ओरडली. "नवरानवरी ताटकळलीत!"

"नाही हलणार. माझ्यात आता काही उरलं नाही. बाहेर काढलं की थेट उकिरडा!"

दिगूभाऊंनी फुंकर मारली, नखानं त्याला अलगद उचकटलं आणि भरलेलं रीळ काढून त्याच्या जागी, समोरच्या खोबणीत बसवलं. नव्या फिल्मचं टोक त्याच्या फटीत शिरलं.

"अगदी रिकामं आहेस ना?" फिल्मनं विचारलं.

"हो," रीळ पुटपुटलं.

"बरं झालं बाई! म्हणजे मी सगळी मावेन."

झाकण लागलं, दिगूभाऊंनी खटका दाबला, चावीनं गिरकी घेतली आणि खुदकन हसलेली नवरी त्याच रिळावर येऊन बसली.