पहिलं नाव

डॉ. निरगुडे सरांच्या विभागात एक रीत होती: शोधनिबंध कुणीही लिहो, पहिलं नाव सरांचं. आणि सरांची एक सवय होती: कुणी आडवा प्रश्न विचारला, की मागे वळून म्हणायचे, "सांग गं शर्वाणी!"

त्याच विभागातली डॉ. शर्वाणी गावंडे रुग्ण तपासून उरलेल्या वेळात सिकलसेल या रक्ताच्या आजारावर संशोधन करायची. तिच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला समितीचे अध्यक्ष नेमके निरगुडे सरच. कागद चाळून ते गंभीरपणे म्हणाले, "नियमाप्रमाणे निबंधावर पहिलं नाव हवं. तुझं तर सगळीकडे दुसरं. बढती द्यायची कशी?"

उत्तर शर्वाणीच्या जिभेच्या टोकावर होतं. पण ज्यांनी नाडी धरायला शिकवलं, त्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

ती हसून म्हणाली, "खरंय सर. काम ज्याला ठाऊक, पहिलं नाव त्याचं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्या निबंधांतला एकच प्रश्न तुम्हाला विचारावा. उत्तर दिलंत, तर मी अर्ज मागे घेते."

"विचारा की!" सर खुर्चीत रेलले.

तज्ज्ञांनी विचारलं, "या अभ्यासातून गरोदर बायकांना का वगळलं?"

सरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि सवयीने म्हणाले, "सांग गं शर्वाणी!"

खोलीत हशा पिकला. सर आधी लाल झाले, मग सगळ्यांहून मोठ्याने हसले. शिफारशीवर सही करताना त्यांनी हळूच विचारलं, "आता पुढच्या निबंधात माझं नाव कुठे?"

"आभारात, सर," शर्वाणी म्हणाली. "आणि तिथेही पहिलंच."