कवडसा बंद होण्यापूर्वी

"…आणि तुझी चूक तुला सांगायची कोणी?"

मठाधिपती विमळनाथांच्या या प्रश्नावर शार्दूल रांगणेकर हसला. देशातील बहुतेक लोक ज्या ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करीत, तो त्याच्या कंपनीचा होता. 'कवडसा' हा उरलेला एकमेव प्रतिस्पर्धी ब्राउझर त्याने नुकताच विकत घेतला होता. संध्याकाळी तो कायमचा बंद व्हायचा होता. त्याआधी आशीर्वादासाठी शार्दूल डोंगरातील या मठात आला होता.

"आजवर कवडसावालेच सांगायचे, बाबा. आमच्यात कुठे भोक राहिलंय, कुठून चोर शिरेल, ते शोधायचे आणि चारचौघांत आमची शोभा करायचे. उद्यापासून ती कटकट मिटली."

"तुझी माणसं शोधत नाहीत?"

"शोधतात. पण मालकाला वाईट सांगायला कोण धजावतो?"

"म्हणजे भोकं राहणार नाहीत."

"दिसणार नाहीत. लोकांच्या लेखी एकच ते."

नाथांची दृष्टी त्याच्या खांद्यापलीकडे गेली.

"हलू नकोस. कॉलरवर विंचू आहे. तांबडा."

शार्दूल थिजला. तांबड्या विंचवाने या भागात माणसे दगावली होती.

"काढा ना, बाबा…"

"माझा हात पोचेपर्यंत नांगी मारेल. मी सांगेन तेव्हा मान वाकव."

"आता कुठे आहे?"

"शिवणीवर."

…

"आता?"

"मानेकडे वळलाय."

घाम डोळ्यांत उतरला. तो पुसण्याचे धैर्य शार्दूलला झाले नाही.

"आता, बाबा?"

त्याने बुबुळे तेवढी वळवली. नाथांनी डोळे मिटून घेतले होते.

"डोळे उघडा… मला मागचं दिसत नाही."

…

"गेला का तो? की नव्हताच?"

मानेवरून काहीतरी सरकले. घामाचा थेंब असेल.

"बाबा, इथे पाहायला दुसरं कोणी नाही."

"हो," मिटल्या डोळ्यांनी नाथ म्हणाले. "संध्याकाळपासून कुठेच नसेल."

शार्दूलने मांडीवरचा फोन अंगठ्याने चाचपडत लावला.

"कवडसा बंद करू नका," तो कुजबुजला. "मी सांगेपर्यंत… नाही. करूच नका."

नाथांनी डोळे उघडले. खांद्यापलीकडे पाहिले.

शार्दूलने श्वास सोडला. "आता भीती नाही ना?"

"डोळे मिटले तेव्हा एक होता. आता दोन आहेत."