केशरी पागोटं आणि सोनवेलीतले मासे

सतराव्या दिवशीही धैर्यसेन महाराजांचा गळ रिकामाच वर आला!

राज्यकारभार एकवेळ प्रधानावर सोडतील, पण सोनवेल नदीवरची सकाळची मासेमारी महाराज कुणावरही सोडायचे नाहीत. आणि स्वभाव असा हट्टी, की गळाला मासा लागला नाही तर चूक माशाची, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी. त्यांची स्वतःची नक्कीच नाही!

त्यांनी गळ भिरकावला आणि काठावरच्या भोयांना बोलावून घेतलं.

"माझे मासे तुम्हीच चोरून खाता! पाडव्याच्या आत नदीकाठ सोडा. डोंगरावर जाऊन राहा!"

डोंगरावर भोई काय करणार? वाऱ्यात जाळी टाकणार? म्हातारी माणसं खाली मान घालून उभी राहिली, काहींना तर रडूच आलं. तेवढ्यात तुळाजी भोयाची मुलगी सगुणा पुढे झाली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात मेलेले मासे.

"महाराज, मासं चोरलं न्हाईत कुनी. मेलं! ह्ये बघा, कल्ल्यात रंग."

"रंग? कुठला रंग?"

"तुमच्या रंगशाळेचा. वरच्या अंगाला तिची मोरी नदीत सुटती. आधी गोट्यांवरचं शेवाळ गेलं. मंग शेवाळावरचं किडं गेलं. किडं न्हाईत म्हून बारकी मासळी गेली, तिच्यामागनं मरळ गेला. आता बगळंबी फिरकत न्हाईत. आमच्या घरात पंधरा दिस चूल पेटतीया, पर कालवन न्हाई!"

महाराजांनी रंगशाळेचा कारभारी हिराजी याला बोलावलं. तो कोपरापर्यंत निळे हात घेऊन आला आणि सुपाकडे बघून हसला.

"रंगानं कुठं मासे मरतात, महाराज? एवढीशी नीळ, एवढासा चुना! इतक्या मोठ्या नदीला त्याचं काय? पाणी वर भरा, खाली भरा, सगळं सारखंच!"

आता महाराजांची पंचाईत झाली. मासेमारी जितकी लाडकी, तितकंच रोजचं नवं पागोटंही लाडकं. सोमवारी मोतिया, मंगळवारी डाळिंबी. त्यात पाडव्याच्या दरबाराला केशरी पागोटं हवंच.

"रंगशाळा बंद होणार नाही!" ते गरजले.

"बंद करा म्हनलंच कुठं मी?"

"मी तिथे पहारेकरीही बसवणार नाही!"

"नका बसवू."

पोरगी कशालाच अडत नाही म्हटल्यावर महाराजांना आणखी चेव चढला.

"मग ऐक! आठ दिवसांत रंगाचं पाणी नदीत जाणं थांबलं पाहिजे. पण ते हिराजीनं आपणहून थांबवायचं. मी त्याला थांबव म्हणणार नाही. जमलं तर राहा, नाहीतर डोंगर!"

हिराजी पोट धरून हसला. "आपणहून! मी!"

सगुणा शांतपणे म्हणाली, "एकच मागनं हाय. रंगशाळेच्या कावडी पानी कुठनं भरतील, ती जागा मी दावनार."

"दाखव की!" हिराजी अजून हसतच होता. "नदी ती नदीच!"

महाराजांनी मान डोलावली. सगुणानं त्याच दुपारी काठावर एक काठी रोवली आणि कावडीवाले तिथून पाणी भरू लागले.

पाचव्या दिवशी सगुणाच्या आईनं गाठोडी बांधली. सगुणानं ती सोडली. सहाव्या दिवशी आईनं पुन्हा बांधली, आणि या खेपेला गाठी जरा घट्ट मारल्या.

सातव्या दिवशी हिराजी धापा टाकत दरबारात शिरला आणि त्यानं पागोटं महाराजांपुढे ठेवलं.

"हे केशरी?" महाराज ओरडले. "हे तर डबक्यातलं शेवाळ आहे! हे घालून दरबारात बसलो तर माझ्या डोक्यावर बेडूक येऊन बसतील!"

"तीनदा रंगवलं, महाराज! तीनदा असंच आलं! सगळं त्या पोरीनं केलं. तिनं कावडींची जागा आमच्या मोरीच्या खाली नेली. मोरीतून गेलेली घाण पुन्हा आमच्याच हौदात येते!"

महाराजांनी सगुणाला बोलावणं धाडलं. ती आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मोठे केले.

"घान? अवो काका, त्या दिशी तर तुमीच म्हनला, वर भरा, खाली भरा, सगळं सारखंच!"

 महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या, पण त्यांनी हसू दाबलं.

"मग आता काय करणार, हिराजी?"

"केलं, महाराज! रात्रंदिवस माणसं लावून चार खड्डे खणले. पाणी त्यात निवळतं, मग वाळू-कोळशातून गाळतो आणि रंगशाळेतच वापरतो. मोरी तर दगडमातीनं कायमची बुजवून टाकली. आता थेंबही नदीत जात नाही!"

"हे करायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी आपणहून..." एवढं बोलून हिराजीनं जीभ चावली.

सगळा दरबार खो खो हसला. हिराजी पडेल आवाजात म्हणाला, "बाई, आता तरी कावडी पुन्हा वर नेऊ का?"

"छ्या! वर गेला की चार दिसांत तुमी नवी मोरी काढाल. महाराजांनी पहारेकरी द्यायचा न्हाई म्हनलंय, मंग ऱ्हाऊ द्या की त्यांचं पागोटंच पहाऱ्याला! नदीत घान पडली, की दुसऱ्या दिशी ती थेट महाराजांच्या डोक्यावर दिसंल!"

आता मात्र महाराजांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी सोनवेलीचा काठ भोयांना पिढ्यानपिढ्यांसाठी लिहून दिला, सगुणाच्या हातात सोन्याचं कडं घातलं, आणि ते शेवाळी पागोटं उचलून हिराजीच्याच डोक्यावर बसवलं!