पाटीचा टेकू

दगडांना वाचा होती, पण माणसांना अक्कल तेव्हाही बेताचीच होती, त्या काळची गोष्ट. गावाची गुरं वाचवताना मेलेल्या गड्याचा वीरगळ रस्त्याकडेला उभा होता. सरकारी साहेबांनी त्याच्यासमोर पाटी रोवली: ‘समोर पाहा, आपला वारसा!’

“म्हाताऱ्या, माझ्यामुळं तुला ओळख मिळाली,” पाटी म्हणाली.

“उपकार झाले बाई. इतकी वर्षं मी उगाचच उभा होतो.”

म्हशीनं अंग घासलं नि पाटी कलली. मुकादम आला. “तो दगड उपटा रे, टेकू द्या!” वीरगळ पाटीच्या बुडाशी मातीत पालथा पडला.

पाटी ताठ झाली. लोकांनी ती वाचली नि समोर वीरगळाच्या रिकाम्या खड्ड्याला हात जोडले.

“बघ, केवढा मान!”

“हळू बोल बाई,” मातीतून आवाज आला, “मला हसू फुटलं तर तू पडशील.”