रिकाम्या हातांची देवराई

पाहुणे, तिथेच थांबा. त्या दगडापलीकडे पुरुषांनी जायचे नाही. र्‍युक्यू या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांतली ही आमची देवराई, पिकापाण्यासाठी आणि लेकराबाळांसाठी प्रार्थना करायची. देऊळ नाही, मूर्ती नाही. आत फक्त धूप लावायचा दगड आहे म्हणतात. माझी ऐंशी उलटली, पण मीही ऐकूनच सांगतो. बाईसाहेब, तुम्ही आत जाऊन आलात, मुठीत खडाबिडा नाही ना? राईतले काही बाहेर न्यायचे नसते. विचारलेले बरे.

फार पूर्वी वादळाने शेतांत समुद्र शिरला, असे सांगतात. गावात उरले घरोघरी थोडे राळे आणि रांजणभर बियाणे. रीतीप्रमाणे बियाणे पेरणीपर्यंत मकातू पुजारणीच्या स्वाधीन, या राईत. तीही इथेच राहायची. तिच्या पोटासाठी प्रत्येक घर या हद्दीच्या दगडावर मूठभर राळे ठेवायचे.

आत जाऊन बघायची सोय नाही, मग संशयाला काय तोटा! एकदा झाडांच्या फटीतून ती कुणाला तरी दिसली. गाल वर आलेले, पाय भरलेले. "आपण पाला उकडून खातोय आणि हिचं अंग बघा!" गावभर झाले. ज्यांचा स्वतःचाच बियाण्यावर डोळा होता, ते सर्वांत मोठ्याने बोलत होते म्हणे. चोराच्या मनात चांदणे. एकेका घराने मूठ बंद केली. तिचा सख्खा भाऊ सान्रा, त्यानेही केली. समुद्रावर गेलेल्या भावाला बहिणीची प्रार्थना राखते असे मानणारी माणसे आम्ही!

शेवटी सान्रा दगड ओलांडून आत घुसला. गावाने दिला तेव्हा रांजण गळ्यापर्यंत होता. आता काठोकाठ भरलेला. स्वतःच्या वाट्याचे राळेही तिने त्यातच ओतले होते. अंगावर दिसली ती उपासाची सूज. तिने भावाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "दादा, रिकाम्या हातांनीच आलास?"

पेरणी काही तिला दिसली नाही. गाव मात्र त्याच बियाण्यावर जगले. मला अजून याचा राग येतो.

आजही कापणीच्या सणाला पुजारीण राईतून बाहेर येते, तेव्हा तिचे हात कुणी बघत नाही. आम्ही पुरुष दगडाअलीकडे गुडघे टेकून आपले रिकामे तळवे तिच्यापुढे धरतो. पहिली जागा सान्राच्या घराण्याची. तिथे मी बसतो. मघाशी तुमच्या मुठीवर संशय घेतला, बाईसाहेब, माफ करा.