काळ्या दगडाची पायवाट

मोठा पूर येऊन गेला त्याच्या चौथ्या वर्षी, वैशाखात, ही गोष्ट सुरू झाली. किती काळ लोटला, ते मोजायला आता कोणी उरलेले नाही.

एका टेकडीवर एकोणीस घरांची वस्ती होती. विहिरीपासून घरांपर्यंत सगळ्यांची एकच वाट. ती चिखलाची. पंचांनी पाथरवटाला सांगितले, "काय घातलं तर टिकेल, ते शोधून काढ."

पाथरवट कसलेला होता, आणि ते त्याला ठाऊक होते. त्याने वाटेचे चार तुकडे केले. एकावर मुरूम, एकावर विटा, एकावर नदीचे गोटे, एकावर घासलेला काळा दगड. पावसाळाभर तो जाड वहाणा घालून त्यांवरून फिरला. मुरूम वाहून गेला. विटांवर शेवाळ धरले. गोटे उखडले. काळा दगड हलला नाही.

लोकांचे दळण दळून पोट भरणारी एक विधवा तिथे राहत होती. सगळे तिला आत्या म्हणत. ती म्हणाली, "दादा, वहाणा काढा. डोक्यावर भरली घागर घ्या, आणि मग चाला."

"आत्या, तू पीठ बघ. दगडाचं मी बघतो."

पंच हसले. दसऱ्याला काळ्या दगडाची वाट पुरी झाली.

तिसऱ्या दिवशी सांडलेल्या पाण्यावरून आत्याचा पाय सरकला. उजवे मनगट मोडले. तिचे जाते बंद पडले.

पाथरवट तिच्या दारात जाऊन उभा राहिला. मान वर होईना.

"जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी कोण लावतं?" आत्याने विचारले.

"मीच."

"का?"

"दाणा धरत नाही म्हणून."

"मग ओला पाय कसा धरेल?"

पाथरवट तिथून पंचांकडे गेला.

पंच म्हणाले, "जाऊ दे, चुकतं माणसाचं."

"चुकलं नाही," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने वहाणा काढल्या आणि आत्याची घागर डोक्यावर घेतली. विहिरीवर बायका खुसखुसल्या, "मिस्त्री, पदर घ्या की!" तो चालत राहिला. पाच ठिकाणी त्याचा पाय सरकला. मग प्रत्येकीला त्याने विचारले, "तुझा कुठे सरकतो?" जिथे जिथे बोट दाखवले गेले, तिथे तिथे तो बसला आणि टाकीने दगड खरबरीत करत गेला. सकाळी आत्याचे पाणी, दुपारी वाट, संध्याकाळी आत्याचे दळण. जात्याशी बसलेला पुरुष बघायला पोरे दारात जमत. त्याने दार लावले नाही.

लहानथोरांनो, जो ओझे घेऊन चालतो, त्याला विचारल्यावाचून वाट बांधू नये.

माघात आत्याचा हात बरा झाला. तिने पाथरवटाच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि अनवाणी घरापर्यंत गेली. थेंब सांडला नाही. थोड्या वेळाने तिचे जाते घरघरू लागले.

ऋण फिटले.